चौदातली सहा गाणी

१८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिक स्टुडिओत निर्वाणा या बँडचा 'एमटीव्ही अनप्लग्ड' हा कार्यक्रम चित्रित झाला. वाहिनीची अपेक्षा सरळ होती. त्या घडीला ज्याचा सगळीकडे बोलबाला होता त्या बँडने आपली गाजलेली गाणी जरा निवांत ढंगात वाजवावीत आणि सोबतीला तितक्याच तोलामोलाचा एखादा पाहुणा आणावा. गायक कर्ट कोबेनने पाहुणे आणले ते मीट पपेट्स या बँडमधले कर्ट आणि क्रिस हे कर्कवुड बंधू. एमटीव्हीच्या मंडळींना हे काही रुचलं नाही. त्यातून, ज्या गाण्याने निर्वाणाला घराघरांत पोचवलं ते 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' कोबेनने यादीतच घेतलं नाही. एकूण चौदा गाणी झाली. त्यांतली सहा दुसऱ्यांची: तीन मीट पपेट्सची, एक स्कॉटलंडच्या व्हॅसलिन्सचं, एक डेव्हिड बोवीचं आणि शेवटचं लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाकडून घेतलेलं.

पुढच्या एप्रिलमध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, कोबेनने स्वतःला संपवलं. तेव्हापासून त्या मंचावरची लिलीची फुलं आणि काळ्या मेणबत्त्या पाहून लोक त्यांत मृत्यूची चाहूल शोधत आले आहेत. घटना घडून गेल्यावर भविष्य वाचायला ज्योतिषी लागत नाही. त्या संध्याकाळी चक्रावून टाकणारं काही असेल तर ती गाण्यांची यादी. सारं जग कान देऊन बसलेलं असताना एखादा गायक आपल्या वाट्याचा जवळजवळ अर्धा कार्यक्रम इतरांच्या गाण्यांना का देतो? मित्राला आवडतील म्हणून निवडून गाणी भरावीत, तशी कॅसेट कोबेनने टीव्हीवरून अख्ख्या देशासाठी भरली. आणि त्यातल्या मीट पपेट्स, व्हॅसलिन्स या नावांशी त्याच्या बहुतेक श्रोत्यांची ओळखही नव्हती.

गाणं कोणाचं, याचं कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. ज्याने रचलं त्याचं, किंवा ज्या कंपनीने हक्क घेतले तिचं. पण त्या गाण्यावर जीव लावून बसलेल्या माणसाचं त्याच्याशी नातं काय? आवड ही त्याने कमावलेली मालमत्ता, की त्याच्या डोक्यावरचं देणं? कोबेनच्या आयुष्यात या प्रश्नाचा मागोवा बराच मागे नेता येतो.

वॉशिंग्टन राज्यातलं अ‍ॅबर्डीन हे लाकूडतोडीवर जगणारं गाव. तिथल्या रेडिओवर आणि दुकानात मिळे तेवढंच संगीत पोरांच्या कानावर पडायचं. जवळच्याच माँटेसानो गावात बझ ऑस्बोर्न नावाचा, कोबेनपेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा मुलगा मेल्विन्स हा बँड चालवत होता. १९८३च्या उन्हाळ्यात मेल्विन्सने थ्रिफ्टवे या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम केला. तो ऐकून कोबेनला आपण काय शोधत होतो ते सापडलं, असं त्याच्या वहीत नोंदलेलं आहे. मग ऑस्बोर्नने त्याला पंक बँडांच्या गाण्यांच्या कॅसेटी भरून दिल्या. पहिल्या कॅसेटवर पहिलंच गाणं ब्लॅक फ्लॅगचं होतं. पुढच्या वर्षी ब्लॅक फ्लॅग सिअ‍ॅटलला येणार म्हटल्यावर तिकिटाच्या पैशासाठी कोबेनने घरातल्या रेकॉर्डी विकून टाकल्या. गुरुमंत्र मिळालेला शिष्य घरचे देव नदीत सोडून येतो, त्याच थाटातला हा प्रकार.

कॅसेट भरणं म्हणजे काय, हे आज विशीतल्या वाचकाला सांगावं लागेल. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला किमान नव्वद मिनिटं लागत. गाणं जितका वेळ वाजेल तितका वेळ माणसाने तिथेच बसायचं, पॉज आणि रेकॉर्डच्या बटणांवर बोटं ठेवून. दर बाजूला पंचेचाळीस मिनिटं. हिशेब चुकला तर शेवटचं गाणं मधेच तुटणार. सगळं मनासारखं झालं की कॅसेटच्या माथ्यावरची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाकायची, म्हणजे कुणी चुकून त्यावर दुसरं काही भरणार नाही. फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स या अभियंत्याच्या चमूने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली ती मुख्यतः आवाज सहज नोंदता यावा म्हणून. लोकांनी तिचा प्रेमपत्रासारखा वापर केला. महाराष्ट्रातल्या शहरांतही ऐंशीच्या दशकात दुकानदाराला चिठ्ठी देऊन गाणी भरून घेतली जात. चिठ्ठीतला क्रम दुकानदाराने बदलला तर भांडणंही होत.

रेकॉर्ड कंपन्यांच्या लेखी ही चोरी होती. ब्रिटनमधल्या त्यांच्या संघटनेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती कॅसेटींमुळे संगीत मरतं आहे, अशी मोहीमच काढली. चिन्ह होतं कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली दोन हाडं, समुद्री चाच्यांच्या झेंड्यावर असतात तशी. डेड केनेडीज या अमेरिकन बँडने १९८१ साली त्यावर झकास टोला हाणला. आपल्या कॅसेटची एक बाजू कोरी ठेवली आणि ती भरण्यासाठीच मोकळी ठेवल्याचं वेष्टनावर छापलं.

चोरी की भेट, या वादात दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत होते: गाणं ही वस्तू आहे आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला. त्यात तामाती रानापिरी या माओरी जाणकाराने सांगितलेली एक रीत येते. एकाने दुसऱ्याला भेट दिली, दुसऱ्याने ती तिसऱ्याला दिली. तिसऱ्याकडून जे काही परत येईल ते दुसऱ्याने स्वतःकडे ठेवू नये, कारण मूळ भेटीतला जीव त्यात आलेला असतो. मोसच्या टीकाकारांनी या उताऱ्याचा पुष्कळ कीस पाडला. पण त्यात तीन माणसं आहेत, हे इथे महत्त्वाचं. देवाणघेवाण दोघांत संपत नाही. ऑस्बोर्नने कोबेनला कॅसेट दिली. कोबेन ती ऑस्बोर्नला कशी फेडणार? फेडली ती तिसऱ्याला देऊन.

आपल्याकडे हा विचार याहून जुना आणि अधिक नेमका आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो असं म्हटलंय: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. यातलं ऋषिऋण फेडण्याची रीत मोठी मजेची. देवांचं देवांना यज्ञातून परत जातं. ऋषींना मात्र काहीच परत द्यायचं नाही. ते कधीच गेलेले. त्यांच्याकडून आलेलं शिकायचं, मुखोद्गत करायचं, म्हणायचं. शतपथ ब्राह्मणात अशा माणसाला ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हटलंय. ठेवा त्याच्या मालकीचा नसतो, आणि तो राखायची रीत कुलूप लावण्याची नाही, म्हणून दाखवण्याची आहे. अर्थात वेदपठणाच्या परंपरेने हा ठेवा कुणाकुणाच्या कानावर पडू दिला नाही, हा इतिहास विसरून या कल्पनेचे गोडवे गाणं बरं नव्हे. राखणदाराचा मालक व्हायला वेळ लागत नाही.

इंडी संगीताच्या दुनियेतही नेमका हाच रोग होता. मोठ्या कंपन्यांपासून फटकून, स्वतःच्या पैशाने, छोट्या लेबलांवर निघणारं हे संगीत. वॉशिंग्टन राज्यातलंच ऑलिंपिया हे त्याचं एक पीठ. तिथे कॅल्विन जॉन्सनने १९८२ साली के रेकॉर्ड्स सुरू केलं, आधी कॅसेटींवरच. तिथल्या एव्हरग्रीन कॉलेजच्या केएओएस रेडिओवर स्वतंत्र लेबलांच्या संगीताला धोरण म्हणून अग्रक्रम होता. तिथूनच निघणाऱ्या 'ऑप' या नियतकालिकाचा प्रत्येक अंक इंग्रजी वर्णमालेतल्या एका अक्षराला वाहिलेला असे, आणि वर्णमाला संपली तसं १९८४ मध्ये नियतकालिकही संपलं. यात भाबडेपणा होता, मोकळेपणा होता. पण कुठल्याही छोट्या संप्रदायात येतो तो सोवळेपणाही होता. आपला बँड चार लोकांना माहीत आहे तोवर तो आपला. चाळीस हजारांना कळला की बाटला. 'मी त्यांना तुमच्या आधीपासून ऐकतोय' हे वाक्य या पंथातलं जानवं. कोबेन ऑलिंपियात राहिला होता. के रेकॉर्ड्सचं चिन्ह त्याने हातावर गोंदवून घेतलं होतं.

आणि नेमका तोच बाटला. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये गेफेन या बड्या कंपनीच्या लेबलवर आला आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनला मागे टाकून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतर कोबेनने छोट्या बँडांची नावं घेण्याचा जो सपाटा लावला, त्याचा एक खवचट अर्थ लावता येतो. समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय असता तर म्हणाला असता, यात संगीत कमी आणि सामाजिक पत जास्त आहे. कुणी न ऐकलेली नावं घेऊन हा आपण अजून पंथातलेच असल्याचा दाखला देतो आहे. गळ्यातली माळ दाखवावी तसा टी-शर्ट दाखवतो आहे. हा आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोबेनच्या वह्यांत आवडत्या बँडांच्या याद्या पुन्हापुन्हा लिहिलेल्या सापडतात. माणूस स्वतःसाठी यादी एकदा करतो; पुन्हापुन्हा करतो तेव्हा ती वाचणारा कुणीतरी त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

पण त्या याद्या नीट वाचल्या तर आरोप ढिला पडतो. २००२ साली छापल्या गेलेल्या त्याच्या वह्यांत पन्नास अल्बमांची एक यादी आहे. वायपर्स या पोर्टलंडच्या बँडचे तिच्यात तीन अल्बम आहेत, जपानच्या शोनेन नाइफची कॅसेट आहे, हे पंथाला धरूनच. पण त्याच यादीत एरोस्मिथ आहे, बीटल्स आहेत, आर.ई.एम. आहे, पब्लिक एनिमी आहे. 'माय शरोना'वाला नॅकचा अल्बम आहे. ऑलिंपियातल्या एखाद्या सोवळ्या पोराने तो कपाटामागे लपवला असता. दाखला मिळवायचा असता तर कोबेनने निदान एवढी खबरदारी घेतली असती.

याच यादीत पाचव्या जागी शॅग्ज या बँडचा 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' आहे, आणि इथे प्रश्नाला वेगळंच वळण लागतं. न्यू हॅम्पशरमधल्या फ्रेमाँट गावातल्या विगिन घराण्यातल्या या बहिणी. त्यांच्या आजीने मुलाचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, हात पाहून भाकीत केलं होतं की तुझ्या मुलींचा बँड निघेल आणि नाव काढेल. तिची आधीची दोन भाकितं खरी ठरलेली. मग काय, ऑस्टिन विगिनने मुलींची शाळा सोडवली, वाद्यं हातात दिली, आणि १९६९ मध्ये थेट स्टुडिओत नेऊन अल्बम काढवला. ताल एकीकडे, गिटार दुसरीकडे, गाणं तिसरीकडे. ऐकणारा प्रथम हसतो. काही लोक हसायचे थांबतात आणि पुन्हा ऐकतात. १९७५ मध्ये वडील गेले, मुलींनी वाद्यं ठेवून दिली. अल्बम विसरला गेला होता. तो १९८० मध्ये पुन्हा निघाला तोही एनआरबीक्यू या दुसऱ्या एका बँडच्या हट्टापायी.

शॅग्ज चांगल्या, हे सिद्ध कसं करणार? सूर, लय, तयारी या कुठल्याच मापात त्या बसत नाहीत. इमॅन्युएल कांटने १७९० मध्ये या पेचाची फोड केली होती. 'मला हे आवडतं' आणि 'हे सुंदर आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. मला कारलं आवडतं म्हटल्यावर तुम्हाला ते आवडलंच पाहिजे असा माझा आग्रह नसतो. एखादी गोष्ट सुंदर आहे म्हणताना मात्र इतरांनीही होकार द्यावा अशी मागणी त्यात असते. आणि ती मागणी पटवायला पुरावा कुठलाच नसतो. मग उरतं काय? समोरच्याला ते ऐकवणं. भरून दिलेली कॅसेट ही या पुरावा नसलेल्या मागणीची सगळ्यात प्रामाणिक रीत. वाद घालायचा नाही, समजावून सांगायचं नाही. ऐक, आणि मग बोलू.

अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी काश्मिरात याच्या पलीकडची अट घातली. रसाच्या आड येणारी सात विघ्नं तो मोजतो, आणि त्यांत एक आहे ते स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. प्रेक्षक आपली खासगी व्यथा घेऊन बसला तर नाटकातलं दुःख त्याला रस म्हणून भेटणार नाही. या कसोटीवर प्रेमात पडलेल्या पोराने पोरीसाठी भरलेली कॅसेट नापासच व्हायची, कारण त्यातलं प्रत्येक गाणं त्याच्या स्वतःच्या कहाणीला जुंपलेलं असतं. गाणी बिचारी निरोप्याच्या कामाला लागलेली. अनप्लग्डच्या यादीत असा कुठला निरोप सापडत नाही. सापडतो असं मानणाऱ्यांनी तो कोबेनच्या मरणानंतर त्यात घातला आहे.

धर्माचा प्रश्न त्या संध्याकाळी अगदी उघडपणे आला तो व्हॅसलिन्सच्या गाण्यातून. १९०० साली नेली टॅलबट यांनी अमेरिकेत रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी एक भजन लिहिलं. येशूला मी सूर्याचा किरण व्हायला हवा आहे, असा त्याचा भाव. व्हॅसलिन्सच्या युजीन केली आणि फ्रान्सिस मॅकी यांनी १९८८ मध्ये त्याचं विडंबन केलं आणि भाव उलटा फिरवला: मी त्याला नको आहे, माझ्यासारख्यांसाठी ते तेज नाही. लहानपणी बळेबळे भजनं म्हणायला लागलेल्या पोरांचा तो वाह्यातपणा होता. अनप्लग्डमध्ये कोबेनने ते गायलं तेव्हा निर्वाणाच्या क्रिस्ट नोव्होसेलिकने बेस गिटार ठेवून अ‍ॅकॉर्डियन घेतला. ही एका जुन्या ख्रिस्ती गाण्याचीच आवृत्ती, व्हॅसलिन्सच्या पद्धतीने, असं कोबेनने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

कोबेन स्वतः किशोरवयात काही काळ एका श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबात राहिला होता, चर्चला जाऊ लागला होता, आणि काही महिन्यांतच त्याने ते सोडून दिलं होतं. तेव्हा हे गाणं त्याला परकं नव्हतं. नवल असं की त्याच्या तोंडी त्यातला वाह्यातपणा गळून पडला. चाल संथ, आवाज थकलेला, आणि विडंबनातून मूळ भजनापेक्षाही आर्त अशी तक्रार उमटली. विठोबाशी भांडणाऱ्या, त्याला निष्ठुर म्हणणाऱ्या संतांच्या अभंगांवर वाढलेल्या कानाला हे अनोळखी वाटणार नाही. देवाने आपल्याला नाकारलं असं म्हणायलाही समोर देव असावा लागतो. कोबेन आस्तिक होता असा याचा अर्थ कुणी काढू नये. एका भजनाचं विडंबन, आणि त्या विडंबनाचं पुन्हा काहीतरी भजनासारखं, हा प्रवास कुणा एकाच्या श्रद्धेने झाला नाही; एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तो गाण्यातच घडला.

वारकरी कीर्तनात या देवघेवीचे नियम पक्के ठरलेले आहेत. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि त्याला इतर संतांची प्रमाणं जोडत जातो. जुन्या कीर्तनकारांकडे हाताने लिहिलेली बाडं असत, वेगवेगळ्या संतांच्या रचना निवडून उतरवलेली. बाडात स्वतःचं एकही कडवं नसलेला कीर्तनकारही मोठा ठरू शकतो, कारण त्याची प्रतिभा निवडीत आणि जोडणीत दिसते. आणि रचनाकाराचं नाव गळून पडायची सोयच नाही. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' ही मुद्रा अभंगाच्या अंगातच विणलेली. गाणारा कुणीही असो, शेवटी नाव घेतलं जातंच.

रॉक गाण्यात अशी मुद्रा नसते. बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' संपताच कोबेनने ते बोवीचं असल्याचं सांगितलं. तरी पुढे बोवीने स्वतः ते गाणं मंचावर गायलं की पोरं येऊन त्याला शाबासकी देऊ लागली: वा, निर्वाणाचं गाणं घेतलंत! बोवी यावर चिडत असे, आणि रास्तच.

शेवटच्या गाण्याचा गुंता याहून मोठा. 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट' कोबेनने लेड बेलीच्या नावाने गायलं. हडी लेडबेटर हे लेड बेलीचं खरं नाव. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात १९३३ मध्ये जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या बापलेकांनी त्याची गाणी नोंदवली आणि जगाला तो कळला. पण हे गाणं त्याचंही नाही. अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागात ते एकोणिसाव्या शतकापासून 'इन द पाइन्स' म्हणून गायलं जात होतं, आणि पहिल्यांदा कुणी रचलं हे कुणालाच ठाऊक नाही. लेड बेली १९४९च्या डिसेंबरात गेला. त्याने जगापुढे आणलेलं 'गुडनाइट आयरीन' पुढच्याच वर्षी वीव्हर्स या गटाच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. आवडत्या गाण्याचं देणं ज्याला द्यायचं तो सापडेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कोबेनने तर त्या रात्री मंचावर एक किस्साही सांगितला. लेड बेलीची गिटार पाच लाख डॉलरना आपल्याला कुणी देऊ करत होतं, आणि ती विकत घ्यायला आपण गेफेन कंपनीच्या डेव्हिड गेफेनलाच गळ घातली, असं. श्रोते हसले. अवशेष विकायला काढणारे आणि ते घ्यायला आतुर झालेले भक्त, दोन्ही यात आले.

देणं जागेवर फेडण्याचा एक प्रसंग मात्र कोबेनच्या हातून घडला, आणि तो त्याने स्वतः 'इन्सेस्टिसाइड' या १९९२च्या अल्बमच्या वेष्टनावर लिहून ठेवला आहे. आना दा सिल्वा आणि जीना बर्च यांनी १९७७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या रेनकोट्स या बँडचा पहिला अल्बम त्याच्याकडे होता, पण ऐकून ऐकून झिजला होता. लंडनमध्ये असताना तो नवी प्रत शोधत रफ ट्रेडच्या दुकानात गेला. प्रत नव्हती. काउंटरवरच्या बाईने सांगितलं, आना इथून काही मैलांवर एका पुराणवस्तूंच्या दुकानात काम करते, आणि कागदावर नकाशा काढून दिला. जगात सगळीकडे ज्याचे फोटो लागले होते तो माणूस तो कागद घेऊन दुकान शोधत निघाला. दुकानात पोचल्यावर आपण तिच्या कामात लुडबुड करतो आहोत, मालक डोळे वटारून पाहतो आहे, अशा संकोचात त्याने अल्बमची चौकशी केली. काही आठवड्यांनी पार्सल आलं. आत तो अल्बम, गाण्यांचे कागद, चित्रं आणि बँडमधल्या सगळ्यांच्या सह्या. रोज हजारोंच्या गर्दीपुढे गाण्यापेक्षा या पार्सलाने आपल्याला जास्त आनंद दिला, असं त्याने लिहिलं. पुढे गेफेनच्याच डीजीसी लेबलने रेनकोट्सचे जुने अल्बम पुन्हा काढले आणि पहिल्यासाठी टिपण कोबेनने लिहिलं. १९९४च्या ब्रिटनच्या दौऱ्यात रेनकोट्स निर्वाणाच्या आधी गाणार होत्या. दौरा झाला नाही.

डॅनियल जॉन्स्टन या गायकाच्या बाबतीत हिशेब इतका सुखाचा नाही. चर्च ऑफ क्राइस्टच्या कडव्या श्रद्धेत वाढलेला हा मुलगा. सुरुवातीला त्याच्याकडे कॅसेटची नक्कल काढायचं यंत्र नव्हतं, म्हणून कुणाला कॅसेट द्यायची झाली की तो सगळा अल्बम पुन्हा पहिल्यापासून गाऊन भरायचा. ऑस्टिन शहरातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये काम करताना रस्त्यात भेटेल त्याच्या हातात कॅसेट ठेवायचा. देवावर त्याची श्रद्धा होती, आणि सैतानावरही तितकीच. १९९० मध्ये वडील चालवत असलेल्या छोट्या विमानात त्याला भ्रमाचा झटका आला. त्याने किल्ली काढून बाहेर फेकली. वडिलांनी विमान कसंबसं उतरवलं, दोघे वाचले.

सप्टेंबर १९९२ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्याला कोबेन जॉन्स्टनच्या बेडकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून आला. तो टी-शर्टही एव्हरेट ट्रू या ब्रिटिश पत्रकाराने त्याला भेट दिलेला. ज्याचं नाव फारसं कुणी ऐकलं नव्हतं त्या जॉन्स्टनसाठी मोठ्या कंपन्यांत चढाओढ लागली, आणि तो स्वतः मनोरुग्णालयात होता. इलेक्ट्रा कंपनीचा करार त्याने नाकारला, कारण त्याच लेबलवर असलेला मेटॅलिका हा बँड त्याला सैतानाचा वाटत होता. शेवटी अ‍ॅटलांटिकने १९९४ मध्ये त्याचा 'फन' काढला. तो खपला नाही, आणि दोन वर्षांत कंपनीने हात झटकले. प्रेमाने दिलेल्या भेटीचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडेल हे देणाऱ्याच्या हातात नसतं. कोबेनने टी-शर्ट घातला नसता तर जॉन्स्टन अधिक सुखी झाला असता का, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांत अधूनमधून निघतो. २०१९ मध्ये जॉन्स्टन गेला तोवर जगभर त्याच्या गाण्यांचे असंख्य चाहते झाले होते, आणि त्यांतल्या पुष्कळांपर्यंत तो त्या टी-शर्टमधूनच पोचला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या धरून चालावं लागतं.

कोबेनची ती पन्नासांची यादी त्याने कुणाच्या हातात दिली नव्हती. ती त्याच्या वहीत होती आणि त्याच्या माघारी छापली गेली. आता तयार प्लेलिस्टी मिळतात, एका बोटाने पन्नास अल्बम आपल्या फोनवर येतात. बसून भरण्याचे तास त्यातून गेले. त्या यादीत मरीन गर्ल्सचा 'बीच पार्टी' आहे. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलींनी १९८१ मध्ये कुणाच्या तरी परसातल्या शेडमध्ये तो नोंदवला आणि आधी कॅसेटवरच विकला. त्यांच्यातली ट्रेसी थॉर्न पुढे एव्हरीथिंग बट द गर्लमुळे नावारूपाला आली. तिने २०१३ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि शेडमध्ये गायलेली ती गाणी अ‍ॅबर्डीनच्या एका पोराने जिवापाड जपली होती, हे त्यात तिने नोंदवलं आहे. तोवर कोबेनला जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती.